न बघता दिलेलं मलम

रामनगरच्या बाजारात एक डॉक्टर आहे. त्याच्याशी मी आजही बोलत नाही. समोरून आला तर मी वाट बदलत नाही, तोच बदलतो. लोकांना वाटतं की माझं त्याच्याशी पैशावरून वाजलं, कारण माझं ज्याच्याशी वाजतं त्याच्याशी पैशावरूनच वाजतं. तसं नाही. त्याने माझा माल न बघता भाव केला, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती मरेपर्यंत राहील.

मी माल बघून घेणारी बाई. उन्हाळ्यात भिरंडं, दिवाळीनंतर कंद, मधल्या दिवसांत जंगलातून येईल ते. भिरंड म्हणजे कोकमाचं फळ, ज्याची सोलं, म्हणजे आमसुलं, करतात. गुंद, बाजारकुणंग आणि त्यापलीकडच्या वाड्यांतल्या बायका ती वेचून आणतात. मी त्यांच्या दारात जाऊन घेते, सोलं करते आणि गोव्याच्या व्यापाऱ्यांना देते. डोक्यावरच्या एका बुट्टीपासून सुरुवात केली. मला कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. बुट्टीतलं वरचं फळ मी कधी बघत नाही. हात तळाला घालते, खालचं भिरंड काढते, फोडते, चाखते आणि मगच तोंड उघडते. माझं तोंड उघडलं की गुंदच्या बायका म्हणतात, "आली गं, आता आमचं रक्त पिणार." आणि हसतात, कारण मीही त्यांच्यासारखीच एका वाडीतली, त्यांचीच भाषा बोलणारी.

अशा बाईला तीन पावसाळे खाली खाज सुटत होती आणि तिने स्वतः एकदाही बघितलं नाही.

"खाली" हा आमचा शब्द. त्या सगळ्या भागाला आमच्याकडे तेवढा एकच शब्द आहे. लघवीला जळलं तरी खाली, अंगावरून पांढरं गेलं तरी खाली, कातडी फाटली तरी खाली, पिशवी दुखली तरी खाली. कुणी मला "माल खराब हाय" एवढंच सांगितलं तर मी त्याला उभं करीन. कुजलाय, किडलाय, कच्चा आहे की भिजलाय ते सांग म्हणेन. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मात्र मला तेवढाच शब्द पुरत होता.

माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. आधी नुसती खाज होती. ती संध्याकाळी वाढायची, चुलीपुढं बसलं की वाढायची. मग लघवी लागली की झोंबायचं. मग मांडी घालून बसणं जड झालं. भिरंडाच्या दिवसांत दिवसभर उकिडवं बसून फळं फोडायची असतात. सालं रसात आणि मिठात घोळवायची, उन्हात टाकायची, पुन्हा घोळवायची. लुगडं रसाने लाल आणि मिठाने ताठ होतं. मी सारखी उठायला लागले, तेव्हा थोरल्या जावेच्या लक्षात आलं. तिला मी अक्का म्हणते. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि न्हाणी एकच.

"काय गं, आज बूड टेकवत न्हाईस. मुंग्या चावल्या काय?"

"व्हय, चावल्या. तुझ्या सासरच्या."

"माझं सासर त्येच तुझं बी सासर, शाणे."

मग तिने आवाज खाली आणला. "उष्णता झाली आसंल. भिरंडाच्या पाण्यात बस. घमेल्यात कोमट पाणी घे, मूठभर सोलं टाक, तुरटीचा खडा फिरव. रोज आंघोळीनंतर."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे नाही वाटत. अंगावर पित्त उठलं की भिरंडाचं पाणी लावायचं, घामोळ्या आल्या की लावायचं, पोटात आग पडली की प्यायचं. भिरंड थंड. त्यातून मी त्याच मालाची व्यापारी, घरात सोलांचे डबे भरलेले. मी बसले. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं.

"अक्का, लई झोंबतंय."

"झोंबतंय म्हंजे लागू पडतंय."

मी ते मानलं. झोंबून झाल्यावर थोडा वेळ खाज कळायची नाही, तेवढा पुरावा मला पुरला.

वर्षभराने डॉक्टरकडे गेले. दवाखाना म्हणजे एक खोली, मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे बाकावर बाजारातली माणसं. त्यातली निम्मी माझी ओळखीची, दोघांशी माझी भांडणं चालू. डॉक्टर चांगला मोठ्याने बोलतो. "काय होतंय?" मी हळू म्हटलं, "खाली खाज हाय." "पांढरं जातं?" मान हलवली. "लघवीला जळजळ?" मान हलवली. तो जे विचारील त्याला मी हो म्हणून मान हलवत होते, कारण लवकर बाहेर पडायचं होतं. त्याने कागदावर मलम आणि गोळ्या लिहिल्या. मलमाने खाज कमी झाली नाही. पुन्हा गेले. या खेपेला त्याने विचारलं, "नवरा बाहेरगावी असतो का?"

पडद्याच्या अलीकडचं खोकणं थांबलं. मला ऐकू आलं ते.

त्याने दोघांसाठी गोळ्या दिल्या. म्हणाला, तुम्ही घ्या आणि त्यांनाही द्या. आमचे हे भात आणि सुपारी बघतात, गावाबाहेर पडतात ते गिरणीला. मी घरी येऊन पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं.

"मला काय झालंय?"

"म्हाईत न्हाई. डॉक्टरनं दिल्यात. दोघांनी घ्यायच्या."

त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याले. "कडू हाय," म्हणाले. पुढं काही विचारलं नाही. सगळ्या गोळ्या त्यांनी वेळेवर घेतल्या. मीच एकदा विसरले तर आठवण केली. त्याआधीपासूनच मी त्यांना जवळ येऊ देत नव्हते, दुखायचं म्हणून. ते आपलं अंथरूण उचलून ओसरीवर गेले होते आणि गावाला सांगत होते की आत उकडतं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "वय झालं की असं होतंच. मन दुसरीकडे लावा." आणि तेच पहिलं मलम पुन्हा लिहिलं.

लोक मला म्हणतात, त्याने बघतो म्हटलं असतं तर तू दाखवलं असतंस का? ते मला माहीत नाही. त्याने म्हणायला हवं होतं. ती बाजू त्याची होती.

भिरंडं संपत आली होती तेव्हा एका दुपारी लुगड्याला रक्त दिसलं. आधी वाटलं, रस असेल. त्या दिवसांत माझ्या अंगावर काहीही लाल असलं तर तो रसच असतो. वास घेतला. रस नव्हता.

पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं की काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला माझी मावशी आठवली.

ती गुंदच्या पुढच्या एका वाडीत दिलेली होती. मी परकरात, तिच्याकडे राहायला असताना तिला "खालचा रोग" झाला. रोगाचं नाव कुणी घेतलं नाही, बहुधा कुणाला माहीतही नव्हतं. तिला घराच्या मागच्या पडवीत ठेवलं होतं, जनावरांच्या भिंतीला लागून. वास यायचा. घरचे राळेचा धूर करायचे, मग राळ आणि तो वास असे दोन्ही यायचे. मोठी माणसं पडवीच्या दारातून आत जात नव्हती, म्हणून पेज घेऊन मला पाठवायचे. मी श्वास कोंडून जायची, ताट ठेवायची आणि पळायची. एकदा तिने हाक मारली. मी थांबले. ती म्हणाली, "नाकाला पदर लाव पोरी, मला राग न्हाई येत." माझ्या अंगावर पदर नव्हता, परकर-पोलकं होतं. मी तशीच उभी राहिले. त्या पावसाळ्यात ती गेली.

रक्ताचा डाग बघितल्यावर त्या राळेचा वास माझ्या नाकात आला, भर दुपारी, माझ्या स्वतःच्या घरात. तो पुढं बरेच दिवस गेला नाही. जेवायला बसले की यायचा. मी माझी लुगडी हुंगून बघायला लागले. कुणी माझ्यापासून जरा लांब बसलं तर वाटायचं, यांना आला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना दार लावलं, ट्रंकेतला छोटा आरसा काढला आणि खिडकीच्या उजेडात बसले. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. लाल काहीतरी दिसेल, फोड दिसेल, असं मनात होतं. दिसलं ते पांढरं. भिजून वाळलेल्या कागदासारखी पांढरी, पातळ, सुरकुतलेली कातडी, आणि त्यात एक बारीक चीर. मी आरसा पालथा ठेवला. आता भीती दोन झाल्या. रक्त म्हणजे मावशीचा रोग, आणि पांढरं म्हणजे कोड. कोड फुटलं असं नुसतं कुणाच्या तोंडून निघालं तर अक्काच्या आणि माझ्या घरातल्या पोरींना स्थळ येणं बंद होईल. मला कळेना, यातलं कुठलं खरं निघावं म्हणून देवापुढं बसू.

मी देवापुढं बसले नाही. सरळ दवाखान्यात गेले. बाजाराचा दिवस होता, बाक भरलेला. नंबर लावला नाही, पडदा बाजूला केला.

"डॉक्टर, बघितल्याशिवाय तुमी बैलाला तरी औषध देतासा का?"

बाकावर कुणीतरी हसलं. डॉक्टरच्या हातात एका म्हाताऱ्याचा दंड होता, सुई तशीच वर राहिली. "काय झालं बाई?"

"रक्त जातंय. दोन वर्सं मलम लावतीया. तुमी एकदा बी बघितलं न्हाईसा, का दुसऱ्या कुणाला दाखव म्हणलं न्हाईसा."

"मग बेळगावला जा. बायकांच्या डॉक्टरला दाखवा."

"ह्ये पहिल्या दिवशी सांगायला तोंड न्हवतं?"

तो म्हातारा, ज्याचा दंड धरलेला होता, मला म्हणाला, "पोरी, त्येंच्या हातात सुई हाय. जरा दमानं." तेव्हा मी बाहेर आले. रागाने निघाले असं मला तेव्हा वाटलं. राग होता, पण निघाले ती भीतीनं.

बेळगावला सोबत म्हणून अक्काला घेतलं. तिला सांगितलं, गुडघा दाखवायचाय. रामनगरहून बस लोंढा, खानापूर करत जाते. अक्का वाटभर बोलत होती, मी काही ऐकलं नाही. इस्पितळात बायकांच्या विभागाबाहेर बसलो, भोवती पोटुशा बाया. अक्काने एकदा पाटी बघितली, एकदा मला बघितलं.

"गुडघ्याचा डॉक्टर हितं बसतो व्हय गं?"

मी पदर सारखा केला. तिने पुन्हा विचारलं नाही. अक्का गप्प बसली म्हणजे तिला सगळं कळलं.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाची होती. मी म्हटलं, "खाली त्रास हाय."

"मावशी, खाली म्हणजे कुठं? पाय पण खालीच असतात."

मला राग आला आणि हसूही आलं. तिने कागद ओढला आणि त्यावर चित्र काढलं, साधं, आमच्या घराचा नकाशा काढावा तसं. हे लघवीचं तोंड, ही बाळ येते ती वाट, ही बाहेरची कातडी, आत ही पिशवी. "आता बोट ठेवा." मी बाहेरच्या कातडीवर ठेवलं. मग तिने विचारायला सुरुवात केली. खाज जास्त की आग? लघवी करताना आतून जळतं, की लघवी बाहेर कातडीला लागली की झोंबतं? मी या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्या नव्हत्या. विचार करून म्हटलं, कातडीला लागली की. पांढरं खरंच जातं का? नाही. मग डॉक्टरला हो का सांगितलंत? बाकावर माणसं होती म्हणून. तिने मान हलवली. हे तिला नवीन नसावं.

"धुता कशानं?"

मी भिरंडाचं पाणी सांगितलं. तुरटीही सांगितली. तिने पेन खाली ठेवलं.

"रोज?"

"बाजाराला जायचं आसंल तर दोनदा."

"मावशी, उघड्या जखमेवर रोज चिंच चोळता तुम्ही."

"भिरंड थंड आसतंय, बाई."

"पोटात थंड असेल. सोललेल्या कातडीवर ते आंबटच."

माझ्याच मालाबद्दल कुणी मला गप्प केलं असं क्वचितच होतं.

मग टेबल, दिवा, पडदा. मी छताकडे बघायचं ठरवलं होतं, पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरे वाचून मी पोट भरते. गिऱ्हाईक बोलत असतं तोवर काही नसतं, ते गप्प झालं की समजायचं की त्याला काहीतरी दिसलं. डॉक्टरबाई बोलत होती, आतली तपासणी करताना सांगत होती, आता गार लागेल, आता जरा दाब येईल, पिशवीचं तोंड चांगलं दिसतंय, तिथून रक्त नाही, तरी थोडा नमुना घेते. मग ती बाहेरच्या कातडीवर आली आणि गप्प झाली. एका जागी बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. माझ्या नाकात राळ आली.

"बाई, कॅन्सर हाय काय?"

तिने नर्सकडून आरसा घेतला आणि माझ्या हातात दिला. "बघा. हे पांढरं आहे ना, हे कोड नाही. कोडात रंग जातो, कातडी मऊच राहते. ही पातळ झालीय, आवळलीय. रक्त या चिरेतून येतंय, आतून नाही. पण ही एवढी जागा जाड लागतेय मला. बहुतेक काही नसेल. तरी 'बहुतेक' म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. तुकडा काढून तपासायचा."

"म्हंजे तुमाला बी पक्कं म्हाईत न्हाई."

"अंदाज आहे. अंदाजावर किती दिवस मलम लावलंत तुम्ही?"

मी आरसा नर्सला परत दिला. "केवढा तुकडा?"

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"कणीएवढा घ्या."

"कणीत काही दिसत नाही."

"मग बारीक तांदूळ तरी धरा. जाडा नको."

नर्स तोंडावर हात धरून हसली. डॉक्टरबाई हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "बारीक तांदूळ. ठरलं?" मी म्हटलं, ठरलं. सुईने ती जागा बधीर केली. सुई लागली तेवढीच, पुढचं कळलं नाही. बोटावर साखरही तपासली, ती ठीक निघाली. जाताना तिने सांगितलं, धुवायला नुसतं पाणी, दुसरं काही नाही. निकाल पुढच्या आठवड्यात.

तो आठवडा मला अजून नीट सांगता येत नाही. मी माल घ्यायला गुंदला गेले. एकीने बुट्टी पुढं ठेवली आणि भाव सांगितला. मी हो म्हटलं.

"आगं, भाव पाडून मागत न्हाईस? बरी हायस न्हवं?"

मी तळाला हात घातला नव्हता. घरी येऊन बघितलं तर खाली सगळी फुटकी, बुरशी धरलेली भिरंडं. मी ती ओतून दिली आणि तिच्यावर चिडलेसुद्धा नाही. ते बघून आमचे हे घाबरले. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. ते ओसरीवरून म्हणाले, "काय हाय ते सांगून टाक की." मी म्हटलं, "आठ दिवस थांबा." ते म्हणाले, "थांबतो." मग जरा वेळाने, "आनि गोळ्या दिल्या तर आण. घेतो मी."

तेव्हा मला रडू आलं. त्या आठवड्यात तेवढंच.

त्याच आठवड्यात माल आणायची पिकअप मावशीच्या वाडीवरून गेली, मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. तिचं घर अजून आहे. मागच्या पडवीत आता वाळका पाला भरून ठेवतात. मी नाकाला पदर लावला नाही, पण काच वर केली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईने कागद आधी स्वतः पूर्ण वाचला. मी तिचा चेहरा वाचत होते. "कॅन्सर नाही. दोन्ही नमुन्यांत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. मग आजाराचं नाव सांगितलं, लायकेन स्क्लेरोसस. ते मी तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. कातडीचा आजार. घाणीने होत नाही, उष्णतेने होत नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही. "नवऱ्याकडून?" "नाही. त्यांचा काही संबंध नाही." त्या कडू गोळ्यांचं पाकीट माझ्या डोळ्यांपुढं आलं.

आधीची मलमं बुरशीची होती, आणि मला बुरशी नव्हतीच. हे मलम वेगळं, जोराचं. वाटाण्यापेक्षा कमी घ्यायचं, पांढऱ्या जागेवर पातळ लावायचं, रोज, आणि मग ती सांगेल तसं कमी करत जायचं.

"कवा जाईल?"

"जाणार नाही. ताब्यात राहील. आणि दर वर्षी दाखवायचं. क्वचित कुणाला यातून पुढं कॅन्सर होतो, म्हणून. गाठ आली, बरी न होणारी जखम झाली तर वर्षभर थांबायचं नाही, लगेच यायचं."

म्हणजे भीती गेली नव्हती. तिने ती माझ्या हातात दिली होती, कुठं बघायचं ते दाखवून.

मावशीला हेच झालं असेल का, मी विचारलं. ती म्हणाली, न बघता कसं सांगू? मला ते उत्तर आवडलं.

स्टँडवर रामनगरची बस लागायची होती. अक्का माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी सगळं सांगितलं, चित्रासकट. ती ऐकत होती, पण बघत होती दुसरीकडे. मग म्हणाली, "त्ये मलम बोटभर मला दे."

आमच्याकडे औषध मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मीठ मागितल्यासारखं ते. डोकेदुखीच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, खरजेचं मलम, सगळं भिंतीवरून इकडून तिकडे जातं. मी पिशवीतून ट्यूब काढून तिच्या हातावर ठेवलीसुद्धा.

"तुला कशाला?"

"भिरंडाचं पाणी तुला मी कुठनं सांगितलं? सपनात आलं व्हतं व्हय?"

"तुला बी खाज हाय?"

"तुज्या आधीपासनं."

आम्ही दोघी त्याच न्हाणीत, त्याच घमेल्यात, एकीमागून एक बसत होतो आणि एकमेकींना सांगत नव्हतो. मी तिच्या मुठीतून ट्यूब ओढली.

"आगं, संपवत न्हाई तुझं! केवढी कवडीचुंबक!"

"ऊठ."

"कुठं?"

"बघून घ्यायचं. न बघता घ्यायचं न्हाई."

"बस आली की गं!"

"जाऊ दे बस."

ती मला शिव्या देत आली. स्टँडवरची माणसं बघत होती. इस्पितळात तिला आत घेतलं आणि मी बाहेर बाकावर राहिले. स्वतःच्या वेळेला मी एवढी घाबरले नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं मागची पडवी होती, आणि आत मावशीच्या जागी अक्का पडली होती. आणि पेज घेऊन जाणारी मीच होते, या वयाची. पडद्यामागून अक्काचा आवाज येत नव्हता. ती एवढा वेळ गप्प राहू शकते हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईने मला आत बोलावलं. अक्का टेबलावरून उतरून लुगडं सारखं करत होती. "यांचं पांढरं नाही, लाल आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "दह्यासारखं जातंय. बुरशी आहे. आणि बोटावर साखर बघितली, खूप आहे. ती साखरच या बुरशीला पोसतेय. रक्ताची नीट तपासणी करू." मग माझ्या हातातल्या ट्यूबकडे बोट केलं. "हे यांना लावलं असतं तर खाज दोन दिवस थांबली असती आणि आत बुरशी वाढत गेली असती."

मी ट्यूब पिशवीच्या तळाला घातली. स्टँडवर ती अक्काच्या मुठीत होती. बोटभरच तर मागत होती.

आणि हीही गोष्ट मला लागली, की बाजारातल्या त्या डॉक्टरने मला दिलेलं बुरशीचं मलम अक्काला लागू पडलं असतं. ते मी तिला दिलं नव्हतं, कारण ते काही कामाचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. हे मी त्याला कधी सांगणार नाही. त्याने तेही न बघताच दिलं होतं.

पुढच्या बसला वेळ होता. स्टँडवर चहा घेतला.

"आता च्या बी बिनसाखरेचा?" अक्का म्हणाली.

"व्हय."

"त्यापरीस तुझा रोग बरा."

"बदलतीस?"

तिने कपाला तोंड लावलं आणि तोंड वाकडं केलं.

घरी गेल्यावर आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. गोळ्या नाहीत म्हटल्यावर त्यांना जरा चुकल्यासारखं झालं. न्हाणीतलं घमेलं मी गुरांच्या पाण्याला लावलं. सोलं विकते अजून, पण फक्त आमटीला, साराला. कुणी बाई विकत घेताना आवाज खाली आणून "उष्णतेला" म्हणाली की मी वजन करायचं थांबते आणि विचारते, उष्णता कुठं? काही जणी रागावून जातात. गिऱ्हाईक तुटतं. तुटू दे.

दर वर्षी भिरंडं संपली की आम्ही दोघी बेळगावला जातो. खानापूर मागे पडलं की मी पिशवीतून तो निकालाचा कागद काढून बघते, ते एका वर्षीही चुकलेलं नाही. अक्का शेजारी बोलत असते. टेबलावर गेल्यावर मी डॉक्टरबाईचा चेहरा वाचायला लागते. ती बाहेरच्या कातडीवर येते, बोट ठेवते आणि गप्प होते. ती गप्प असते तेवढा वेळ राळेचा वास येतो.

मग ती म्हणते, "घ्या, तुम्ही पण बघा," आणि आरसा माझ्या हातात देते.